जूनमधले पाचशे

चि. लेकी,
अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबागेतली नोकरी कायम झाली, आता आमच्या वसतिगृहाला एकरकमी मोठी देणगी द्यायची म्हणतेस. द्यायचीच असेल तर दे, पण माझं ऐकशील तर महिन्याला पाचशे दे आणि ते बंद पडू देऊ नकोस. यूपीआयचं ऑटोपे लावून टाक, तारीख पगाराच्या दुसऱ्या दिवसाची. पैसे कापण्याआधी चोवीस तास मेसेज येतो, आणि हवं तेव्हा बंदही करता येतं.

इतकी वर्षं खजिनदारी केली म्हणून सांगते, दिवाळीत पाकिटं भरपूर येतात. खरी ओढाताण जूनमध्ये. वह्या-दप्तरं, स्वयंपाकीणबाईंचा पगार, हेस्कॉमचं वीजबिल, त्यात खानापूरचा पाऊस लागला की छप्पर गळायला लागतं. नेमके तेव्हाच दाते आपल्या मुलांच्या फियांत अडकलेले असतात. त्या महिन्यात हमखास येणारे पाचशे धरून आम्हाला किराणा भरता येतो.

'अमुक कामासाठीच' अशी अट मात्र घालू नकोस. पंखा, कपाट, पाण्याची टाकी द्यायला लोक पुढे येतात, कारण त्यावर नाव घालता येतं. वीजबिलावर नाव घालता येत नाही, म्हणून ते थकतं.

वाढदिवसाच्या जेवणाचं तर विचारूच नकोस! रविवारी दोन-दोन घरची पंगत, मुलं श्रीखंडाला कंटाळतात, आणि बुधवारी आमटी-भात. आधी फोन करून विचारावं. महिना संपत आला असताना तेलाचा डबा आणि तांदळाचं पोतं घेऊन येणारा माणूस आम्हाला फार आवडतो.

पावती मागायला लाजू नकोस. पॅन नंबर दे. रोख दोन हजारांवर दिलेस तर देणगीवरची प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतली असशील तर तशीही मिळणार नाही. तरी पावती घे, वर्षाचा ऑडिट झालेला हिशेबही पाहायला माग. आमचाही. हिशेब दाखवताना जी संस्था कुरकुरते, तिला दुसऱ्यांदा देऊ नये असं माझं मत आहे.

आणि तुझं कन्नड! ते आम्हाला पाचशेपेक्षा मोलाचं. आम्ही जुनी मंडळी मराठी शाळेतली. बोलणं निभतं, पण कचेरीतून आलेलं पत्र वाचायला शेजारच्या दुकानात धावावं लागतं. महिन्यातून एक शनिवार आलीस, पत्रं वाचलीस, उत्तरं लिहिलीस, मुलांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाइन भरलेस तरी पुष्कळ झालं. सीमावादाचं ज्याचं मत त्याच्यापाशी. मुलांची शिष्यवृत्ती अडता कामा नये.

उद्या पुण्याला बदली झाली तर पाचशे तिथूनही येतील. नोकरीत अडचण आली तर शंभर कर, पण तसं कळव, म्हणजे आम्ही पुढचा महिना त्याप्रमाणे मांडू. न सांगता बंद झालेल्या देणगीची फार पंचाईत होते गं.

या शनिवारी अकराला ये. अर्जांचा गठ्ठा काढून ठेवते.

तुझी,
मावशी