चौथीतल्या मुलांना वर्गाबाहेर नेल्याने विज्ञान खरोखर येते का?

चौथीतल्या आपल्या मुलीला परिसर अभ्यासाच्या तासाला वरचेवर मैदानावर नेतात, त्यातून काही शिकणे होते की नुसता वेळ जातो, असे आपण विचारले आहे. मी नाशिकमध्ये प्राथमिक वर्गांना शिकवतो. नुसते बाहेर नेल्याने काहीच येत नाही. तिथे मुलांनी काय मोजले, काय लिहून ठेवले आणि शिक्षक किती वेळ गप्प राहिले, यावर सारे अवलंबून असते, असे माझे मत आहे.

सावलीचेच घ्या. मैदानात एक मीटर उंचीची काठी ओळंबा लावून उभी करावी आणि सर्वांत आखूड सावली किती वाजता पडेल, असे विचारावे. बहुतेक मुले ठामपणे 'बारा' म्हणतात. मग साडेअकरापासून दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला लावला, की बारा वाजून गेले तरी ती आखडतच जाते आणि डिसेंबरात साडेबारा उलटल्यावर कुठे वाढू लागते. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची, नाशिक सुमारे ७३.८ अंशांवर, अंशामागे चार मिनिटे धरली तर नाशिकची मध्यान्ह घड्याळातल्या बारापेक्षा साधारण ३५ मिनिटे उशिरा येते. पण हा हिशेब सांगण्याची घाई नको. घड्याळ चुकले, काठी कलली, खडा सरकला, असे वाद मुलांना घालू द्यावेत आणि प्रत्येक शंका त्यांनाच तपासू द्यावी, कारण विज्ञानाचे कौशल्य म्हणतात ते नेमके तिथेच घडते.

ही नोंद महिनोन्‌महिने ठेवल्यास आणखी गंमत येते. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर असल्याने त्याच काठीची मध्यान्हीची सावली २२ डिसेंबरच्या सुमारास ९५ सेंटिमीटर, तर २१ मार्चला अवघी ३६ सेंटिमीटर भरते. फेब्रुवारीत किती भरेल, हे मुले आधीच्या आकड्यांवरून सांगू लागतात. (शून्य सावलीचा, म्हणजे मध्यान्ही काठीची सावलीच न पडण्याचा, एक दिवस २० मेच्या आसपास सुट्टीत येतो आणि दुसरा जुलैच्या उत्तरार्धात ढगांत हरवतो, त्याला इलाज नाही.) नांदूर मध्यमेश्वरला पक्षी पाहायला जरूर न्यावे, मात्र वर्षातून एकदाच काढलेल्या सहलीत अशी तुलना साधत नाही.

आपण मुलीची वही उघडून पाहावी. तीत तारीख, वेळ, आकडे आणि चुकलेले अंदाज असतील तर निश्चिंत राहावे; सगळ्या वर्गाच्या वहीत एकच सुबक परिच्छेद आढळला, तर तो फळ्यावरून उतरवलेला समजून शिक्षकांशी बोलावे.