पहाटे गाडी चालू होत नाही : ट्रकमालकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की गोंदियापासून बुलढाण्यापर्यंत एकच तक्रार येते: दुपारी अर्ध्या सेल्फवर (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरवर) चालू होणारी गाडी पहाटे पाच वाजता दमवते. आपल्याकडे थंडीत पारा बहुधा 8 ते 12 अंशांवर असतो. डिसेंबर 2018 च्या शेवटी नागपुरात तो 3.5 पर्यंत उतरला होता. पण एवढ्या थंडीत धडधाकट डिझेल इंजिन काहीही न तापवता चालू व्हायलाच पाहिजे. होत नसेल तर गाडीत काहीतरी आधीपासून कमजोर आहे. बहुतेक वेळा त्याचं मूळ मे महिन्यात असतं. 45 अंशांच्या उन्हात बॅटरीचं पाणी उडतं, आतल्या जाळ्या गंजतात, आणि तरीही गरम इंजिन हलकं फिरतं म्हणून गाडी चालू होत राहते. थंडीत तेल घट्ट होतं, सेल्फला जास्त जोर लागतो, आणि त्याच वेळी बॅटरीचा जोर उतरलेला असतो. शून्य अंशाला चांगल्या बॅटरीचीही सेल्फ फिरवण्याची ताकद सुमारे दोन तृतीयांशच उरते.

प्रश्न : संत्र्याची वाहतूक करतो. गाडी 24 व्होल्टची, 130 एएच (अँपिअर-अवर, बॅटरीची क्षमता) च्या 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, दोन्ही 14 महिन्यांच्या. पहाटे सेल्फ मारला की नुसतं टक-टक-टक. बॅटरीवाला म्हणतो एक गेली, एकच बदला. दुसरीत मात्र दर पंधरा दिवसांनी पाणी टाकावं लागतं. (मोर्शी तालुका)

उत्तर : भाऊ, पाण्याची गोष्ट तुम्ही लिहिली ते बरं केलं. आधी एक बघा: टेप, मोबाइल चार्जर, केबिनमधला पंखा यांची वायर दोनपैकी एकाच बॅटरीवरून घेतली आहे का? 12 व्होल्टचं सामान चालवायला विदर्भातल्या पुष्कळ गाड्यांत हेच केलेलं दिसतं, आणि त्यातच बॅटऱ्या मरतात.

कारण असं. डायनामो दोन्ही बॅटऱ्यांना मिळून साधारण 28 व्होल्ट देतो. सारख्या भरलेल्या असतील तर वाटणी 14-14 होते. जिच्यावर टेप आहे ती रात्रभर रांगेत उभ्या गाडीत रिकामी होते. सकाळी चार्जिंग सुरू झालं की ती जेमतेम 13.2 घेते आणि उरलेले 14.8 दुसरीच्या वाट्याला जातात. भरलेल्या बॅटरीला रोज 14.8 मिळाले तर ती उकळते, पाणी पिते. म्हणजे एक उपाशी राहून मरते, दुसरी अति खाऊन. तुमच्याकडे हेच चाललंय असं लक्षणं सांगतात.

तपासणी पहाटेच करा, किल्लीला हात लावण्यापूर्वी. साध्या मल्टिमीटरने प्रत्येक बॅटरी वेगळी मोजा. 12.6 च्या वर असेल तर भरलेली, 12.4 म्हणजे पाऊण, 12.2 म्हणजे अर्धी, 12.0 म्हणजे जवळजवळ रिकामी. दोघींत 0.2 व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर वाटणी बिघडली आहे. आता मीटर लावून ठेवा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. जी बॅटरी साडेनऊच्या खाली कोसळेल ती दोषी.

लगेच टाकून देऊ नका. दोन्ही सोडून, प्रत्येक वेगवेगळी चार्ज करा. 130 एएचला 13 अँपिअर, 10 ते 12 तास. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर आधी फक्त प्लेटा बुडतील एवढंच डिस्टिल वॉटर टाका, बाकीची पातळी चार्जिंग झाल्यावर प्लेटांच्या वर 10 ते 15 मिलिमीटर करा. आधीच काठोकाठ भरलं तर अॅसिड उतू जातं. अॅसिड कधीच टाकायचं नाही, कारण उडतं ते पाणी, अॅसिड आतच असतं. आरओचं पाणीही नको. चार तास थांबून हायड्रोमीटरने सहाही खणांतल्या अॅसिडची ग्रॅव्हिटी (घनता) घ्या. एखादा खण इतरांपेक्षा 0.050 ने मागे असेल तर ती बॅटरी गेली. (सीलबंद बॅटरीचा हिरवा डोळा एकाच खणाचं सांगतो, त्यावर विसंबू नका.)

बदलायची वेळ आली तर जोडीच बदला: एकाच कंपनीची, एकाच एएचची, एकाच महिन्यातली. एक नवी आणि एक 14 महिन्यांची लावली की वाटणीचा तोच खेळ पुन्हा सुरू होतो. उरलेली चांगली बॅटरी ट्रॅक्टरला लावा. आणि टेपसाठी 24 ते 12 व्होल्टचा कन्व्हर्टर बसवा. एका बॅटरीच्या किमतीपुढे तो काहीच नाही.

हे सगळं ठीक निघालं आणि तरी सेल्फ जड फिरत असेल तर अर्थिंग (बॅटरीच्या उणेची इंजिनशी जोडणी) बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या उणे खुंटाच्या शिशावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर अर्थची केबल किंवा तिचा नट खराब. टर्मिनलवर हिरवी-पांढरी बुरशी असेल तर ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून ब्रशने धुवा, झाकणं बंद ठेवून. आधी उणे काढा, लावताना उणे शेवटी. घासून चकचकीत करा, आवळा, आणि मग वरून व्हॅसलिन. आवळण्याआधी मध्ये ग्रीस भरणारे पुष्कळ आहेत, तसं करू नका.

प्रश्न : धानाची गाडी आहे, जुन्या पद्धतीचा इंजेक्शन पंप. सेल्फ जोरात फिरतो, पण पहाटे चार-पाच वेळा मारल्याशिवाय चालू होत नाही. दिवसभर त्रास नाही. थंडीमुळेच ना? (तिरोडा तालुका)

उत्तर : सायलेन्सरकडे बघा, तिथेच उत्तर आहे. सेल्फ फिरताना डोळे चुरचुरणारा पांढरा धूर निघत असेल तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग इंजेक्टर, टॅपेट, टायमिंग, कॉम्प्रेशन या वाटेने जा. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि त्यात थंडीचा दोष थोडा.

तुमच्या वर्णनावरून दुसरी शक्यता जास्त वाटते: रात्रीत डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि लाइनमध्ये हवा बसते. एक पहाट प्रयोग करा. सेल्फ मारण्याआधी फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप दाबा. पहिले दाब पोकळ लागले, वीस-तीस दाबांनंतर कडक झाला आणि मग गाडी अर्ध्या सेल्फवर चालू झाली, तर बिघाड सापडला. फिल्टरवरच्या बोल्टांचे तांब्याचे वायसर नवे टाका, टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपचे क्लिप आवळा, फीड पंपाचे व्हॉल्व्ह बघून घ्या. मिस्त्री म्हणेल, "कुठंच गळत नाही." बरोबर आहे. टाकी ते फीड पंप हा भाग ओढणारा असल्याने तिथून डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते, ओल दिसत नाही. त्या जागी वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतील. (कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या नव्या गाडीत हाय प्रेशर पाइपचा नट मात्र कधीही ढिला करू नका. तिथे हजार बारच्या वर दाब असतो, धार चामडीत घुसते.)

सेल्फ एका वेळी 10 ते 15 सेकंद, मग मिनिटभर विश्रांती. सलग मारत राहिलात तर सेल्फची वाइंडिंग जळेल.

आणखी एक. घरी ड्रममध्ये मे-जूनचं डिझेल उरलं असेल तर ते गाडीत टाकू नका. भारतीय मानकाप्रमाणे थंडीतलं डिझेल 6 अंशांपर्यंत फिल्टरमधून वाहायला हवं. उन्हाळी डिझेलला ही मर्यादा 18 अंश आहे. त्यातलं मेण 10 अंशांत सुटू शकतं, फिल्टर चोंदतो, गाडी चालू होऊन दोन मिनिटांत बंद पडते. शंका असेल तर पाण्याच्या पारदर्शक बाटलीत ते डिझेल रात्रभर अंगणात ठेवा. पहाटे ढगाळ दिसलं तर उन्हाळ्यापर्यंत राहू द्या. पातळ करायला रॉकेल किंवा पेट्रोल अजिबात नको. रॉकेलने पंपाचं वंगण जातं, पेट्रोलने आग लागते.

प्रश्न : उन्हाळ्यात गाडी तापायची म्हणून मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून टाकला. आता तापमानाचा काटा वरच येत नाही, सकाळी अर्धा तास पांढरा धूर. (वणी तालुका)

उत्तर : तो आजच बसवा. थर्मोस्टॅट इंजिन साधारण 80 अंशांवर येईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ देत नाही. तो नसला की थंडीत इंजिन दिवसभर अर्धवट गार राहतं, न जळलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली तेलात उतरतं, तेल पातळ होतं, लायनर-रिंग झिजतात. डिपस्टिकवर तेल आपोआप वाढलेलं दिसलं किंवा बोटाला डिझेलचा वास आला तर तेल आणि फिल्टर दोन्ही बदला. 15W-40 ग्रेडचं तेल आपल्या थंडीला पुरून उरतं. उन्हाळ्यात गाडी तापत होती तिचं खरं कारण बहुधा रेडिएटरमध्ये आहे. बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत खवले बसतात. रेडिएटर साफ करून कूलंट आणि डिस्टिल वॉटर निम्मे-निम्मे भरा. बर्फाची भीती आपल्याकडे नाही, पण गंज आणि खवले त्याने थांबतात.

प्रश्न : पिकअप आहे, 12 व्होल्ट. पहाटे खाली पऱ्हाटीचा जाळ करून चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं) तापवतो, कधी स्टार्टिंग स्प्रे मारतो. चालेल का? (दारव्हा तालुका)

उत्तर : नाही, दोन्ही बंद करा. जाळावर डिझेलचा पाइप, वायरिंग, ब्रेकची नळी सगळं असतं. आणि हीटर प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारा प्लग) असलेल्या इंजिनात स्प्रे मारला तर तो वेळेआधीच भडकतो, रिंग आणि पिस्टन फुटू शकतात.

हीटर प्लग तपासा. वरची वायर काढा, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या अधिकला, दुसरं प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लग जिवंत, नाही लागला तर गेला. चारपैकी दोन गेले की अशीच गत होते. डॅशवरचा पिवळा दिवा पुष्कळ गाड्यांत टायमरवर विझतो, त्यावरून प्लग चांगले आहेत असं समजू नका. चारही चांगले असतील तर दिवा विझेपर्यंत थांबा, मगच सेल्फ.

प्रश्न : बॅटरी उतरली तर ट्रॅक्टरवरून जंपर लावावा की धक्का मारावा? (चिमूर तालुका)

उत्तर : ट्रॅक्टर 12 व्होल्टचा असतो, मोठा ट्रक 24 चा. ही जोडी लावायची नाही. पिकअपला ट्रॅक्टर चालतो. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिकला, मग चांगलीच्या अधिकला. काळी चांगलीच्या उणेला, आणि शेवटचं टोक बंद गाडीच्या इंजिनच्या लोखंडाला, बॅटरीपासून दूर. तिथे ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. ट्रॅक्टर दहा मिनिटं चालू ठेवा, मग सेल्फ मारा. केबल काढताना उलट क्रम.

धक्क्याचं म्हणाल तर एअर ब्रेकच्या गाडीत हवा उतरली असेल तर मागचे ब्रेक लागलेलेच राहतात, दहा माणसांनी ढकलूनही चाक फिरत नाही. बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) गाडीला धक्का देऊच नका. न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या फिल्टरमध्ये जातं. चालू झाल्यावर अॅक्सिलरेटर न दाबता दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, ब्रेकची हवा कमी असल्याचा बझर थांबू द्या, आणि पहिले चार-पाच किलोमीटर 1500 आरपीएमच्या आत चालवा.

प्रश्न : अॅडब्लू थंडीत गोठतं का? (चिखलदरा)

उत्तर : नव्या डिझेल गाड्यांत धूर शुद्ध करायला घालतात ते हे युरियाचं पाणी उणे 11 अंशांना गोठतं. चिखलदऱ्यातही काळजी नको. ते उन्हात साठवू नका, एवढंच.