जर्मनीत मुलांना आधी कोणता खेळ लावावा, फुटबॉल की जिम्नॅस्टिक्स?

पोहणं. तुमच्या दोन पर्यायांत ते नाही, तरी पोहणंच. सहा वर्षांची मुलगी आणि नऊ वर्षांचा मुलगा घेऊन श्टुटगार्टला येताय, एवढं तुम्ही लिहिलंय. तेवढं वाचूनच लिहायला बसले.

आम्ही आलो तेव्हा माझी लेकही सहाचीच होती. दोन महिन्यांत वर्गातल्या एका मुलीच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं, तरणतलावावर. कार्डाखाली तिच्या आईने पेनने एक ओळ लिहिली होती : झेपफेर्टशेन झालंय का? शब्दाचा अर्थ समुद्रघोडा, आणि इथल्या पोहण्याच्या पहिल्या परीक्षेचं हे नाव. काठावरून उडी मारून २५ मीटर पोहायचं, आणि खांद्याइतक्या पाण्यात तळाशी टाकलेली वस्तू हाताने वर आणायची. मग कापडी बिल्ला मिळतो, तो पोहण्याच्या कपड्यावर शिवतात. त्या दिवशी बाकीच्या मुली मोठ्या तलावात आणि माझी एकटी गुडघाभर पाण्यात, तान्ह्या बाळांसोबत. तिथे तिने रडू दाबून धरलं, घरी आल्यावर बांध फुटला. तिला हात धरून खोल पाण्यात न्यावं, तर मलाही पोहता येत नव्हतं.

का येत नव्हतं? आमचं गाव कृष्णाकाठचं. उन्हाळ्यात काका दादाच्या पाठीला वाळका भोपळा बांधून त्याला मळ्यातल्या विहिरीत सोडायचे. आठ-दहा दिवसांत तो भोपळ्याशिवाय सूर मारायला लागला. मी थारोळ्यापाशी बसून त्यांचे कपडे सांभाळायचे. मलाही शिकवा म्हटलं की एकच उत्तर, पोरीच्या जातीला काय करायचंय पोहून? काका गेले, दादा अजून तेच म्हणतो.

लेकीचा नंबर लागायला पाच महिने गेले. तेवढ्यात मी मोठ्यांच्या वर्गात स्वतःचं नाव घातलं, वयाच्या ३७व्या वर्षी. रिंग काढायला पहिल्यांदा डोकं पाण्याखाली घातलं तेव्हा कानांत दडे बसले, तळाच्या फरश्या डोळ्यांपुढे डुलायला लागल्या, दोनदा रिकाम्या हाताने वर आले. तिसऱ्यांदा बोटांना रबर लागलं. माझा बिल्लाही मी शिवला आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

इथे पोहणं ही हौस मानत नाहीत. १९१२ साली र्‍यूगेन बेटावर बिन्झचा धक्का मोडून माणसं बुडाली आणि पुढच्याच वर्षी डीएलआरजी ही जीवरक्षकांची संघटना उभी राहिली. आजही तिचे स्वयंसेवक तळ्यांवर पहारा देतात, मुलांना शिकवतात. शाळेतही बहुतेक ठिकाणी तिसरी-चौथीत पोहण्याचे तास असतात, पण शाळेवर विसंबू नका, जवळ तलाव नसला की ते तास होतच नाहीत. मुलीला त्या तासातून सूट मागायचा विचारही करू नका. २०१३ मध्ये इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने एका मुलीला धर्माच्या कारणावरूनही सूट नाकारली, अंगभर पोशाख घालून पोहता येतं म्हणाले.

फुटबॉलसाठी मुलाला घराजवळच्या फेराइनमध्ये, म्हणजे क्लबात घाला. एक-दोन वेळा खेळून बघू देतात, वर्गणी फार नसते, सामन्याच्या दिवशी पालकांना केक करून न्यावा लागतो. मुलीला हवं तर किंडरटुर्नेन, म्हणजे लहान मुलांचं जिम्नॅस्टिक्स. ते नंतर लावलं तरी चालतं. पोहण्याच्या यादीत मात्र पत्ता मिळाल्याच्या आठवड्यात नाव घाला, दोघांचंही. मुलगा नऊचा आहे म्हणून आधी त्याचं, मुलीचं पुढच्या वर्षी, असं करू नका.

एक राहिलं. झेपफेर्टशेन झालं म्हणजे मूल सुरक्षित, असं समजू नका. त्यानंतरचं ब्राँझ होईपर्यंत, म्हणजे १५ मिनिटांत किमान २०० मीटर पोहेपर्यंत, नजर हटवायची नाही. वाळू-खडी काढून झालेल्या खाणींच्या तळ्यांत तर मुळीच नाही. तिथे काठ एकदम तुटतो आणि खालचं पाणी गार असतं.

दादाची मुलगी आता अकराची आहे. परवा फोनवर तिचा विषय काढला तर म्हणाला, विहिरीला आता पाणी कुठंय? सांगलीत तरणतलाव आहे की, दादा. मे अखेरच्या सुट्टीत मी येतेय, तिच्या मापाचा कपडा आणि पाण्यातला चष्मा घेऊन ठेवलाय.