मॉरिशसमधल्या वेगवेगळ्या वंशांच्या लोकांना ‘आपण एका देशाचे’ असं खरंच वाटतं का?

तुम्ही विचारलंय की मॉरिशसमध्ये भारतीय, आफ्रिकी, चिनी, फ्रेंच वंशाचे लोक शेजारीशेजारी राहतात. त्यांच्यातली ‘आपण सगळे मॉरिशियन’ ही भावना खरी की जाहिरातीपुरती? आणि तिथले मराठी स्वतःला कोण समजतात?

भावना खरी आहे. फक्त तिथे मॉरिशियन होण्याची वाट पूर्वजांच्या गावावरून जाते. पूर्वजांचा देश, भाषा, सण ज्याला दाखवता येतात त्याची जागा पक्की. ज्याला ते दाखवता येत नाहीत त्याची फार ओढाताण होते.

तिथल्या नोटा पाहा. २५ रुपयांवर चिनी वंशाचे आ-च्युएन, ५० वर फ्रेंच वंशाचे पातुरो, १०० वर तमिळ सिनीवासेन, २०० वर मुस्लिम नेते अब्दुल रझाक मोहम्मद, १००० वर क्रेओल (आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज) समाजाचे नेते द्युव्हाल. मजकूर इंग्रजी, त्याखाली तमिळ, त्याखाली हिंदी. १९९८ मध्ये नव्या नोटांवर हिंदी तमिळच्या वर गेली. तमिळ समाज खवळला, कारण त्यांचे कारागीर पाँडिचेरीहून फ्रेंच राजवटीतच, म्हणजे ऊसमळ्यांसाठी भारतातून मजूर नेणाऱ्या जहाजांच्या कितीतरी आधी, बेटावर आले होते. शेवटी त्या नोटा परत घ्याव्या लागल्या. एका ओळीची अदलाबदल म्हणजे मानाची अदलाबदल, हे ज्याला कळलं त्याला हा देश निम्मा कळला.

निवडणुकीतही हेच आहे. संविधानात चार समाज आहेत: हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि ‘सर्वसाधारण लोकसंख्या’. चौथ्याची व्याख्या अशी की जगण्याच्या रीतीवरून जो पहिल्या तिघांत बसत नाही तो. म्हणजे गुलामांचे वंशज क्रेओल आणि त्यांच्या मालकांचे फ्रेंच वंशज एकाच खान्यात!

संसदेत मतदारांनी थेट निवडलेले ६२ सदस्य, आणि त्यांच्याशिवाय ‘बेस्ट लूजर’च्या जास्तीत जास्त ८ जागा, म्हणजे ज्या समाजांचे प्रतिनिधी कमी पडले त्यांच्यासाठी हरलेल्या उमेदवारांतून घेतलेले. हिशोब असा: समाजाची लोकसंख्या भागिले (मिळालेल्या जागा + १). ज्याचा भागाकार सर्वांत मोठा, जागा त्याची. समजा हिंदू ३६, सर्वसाधारण १७, मुस्लिम ९ आणि चिनी ० निवडून आले. हिंदू ४,२८,१६७ ÷ ३७ म्हणजे सुमारे ११,५७२. सर्वसाधारण २,३६,८६७ ÷ १८ म्हणजे १३,१५९. मुस्लिम १,३७,०८१ ÷ १० म्हणजे १३,७०८. चिनी २४,०८४ ÷ १. पहिली जागा चिनी उमेदवाराला. त्यानंतर चिनी भागाकार १२,०४२ वर येतो आणि दुसरी जागा मुस्लिमांकडे जाते. पहिल्या चार जागा पक्ष न बघता दिल्या जातात, उरलेल्या जागा मात्र पक्षांचं बलाबल मोडणार नाही अशा बेताने.

हे आकडे १९७२ च्या जनगणनेचे आहेत. पुढे जनगणनेतून समाजाचा रकाना काढून टाकला, त्यामुळे हिशोब तिथेच गोठलाय. शिवाय उमेदवाराला आपला समाज जाहीर करावा लागतो. ‘आम्ही फक्त मॉरिशियन’ म्हणणाऱ्यांचे अर्ज बाद झाले, प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे गेलं आणि २०१२ मध्ये समितीने त्यांच्या बाजूने मत दिलं. २०१४ च्या निवडणुकीपुरती सूट मिळाली. तरी ही पद्धत निव्वळ मूर्खपणाची म्हणणं मला पटत नाही. १९६७ च्या निवडणुकीत सुमारे ४४ टक्के मतं स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती आणि जानेवारी १९६८ मध्ये, स्वातंत्र्याच्या तोंडावर, राजधानी पोर्ट लुईमध्ये दंगली पेटल्या होत्या. हिंदू बहुमताखाली दबण्याची अल्पसंख्याकांची भीती खरी होती.

मराठी माणसं मुंबई बंदरातून ऊसमळ्यांवर मजुरीला गेली, बरीचशी कोकणातली. संविधानाच्या हिशोबात ती ‘हिंदू’. रोजच्या बोलण्यात मात्र तिथे ‘हिंदू’ म्हणजे बिहारकडून आलेले भोजपुरी लोक, त्यामुळे मराठी, तमिळ, तेलुगू स्वतःला वेगळे मोजतात. गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते, कोकणातली जाखडी अजून नाचली जाते. त्यांना ‘तुम्ही इंडियन ना?’ असं विचारू नका. ते मॉरिशियन आहेत, आणि मराठीही. हे दोन्ही त्यांच्या लेखी भांडत नाही.

भांडण होतं ते शाळेत. घरात बहुतेक सगळेच, मराठीसुद्धा, क्रेओल ही फ्रेंचवरून घडलेली बोली बोलतात. पण प्राथमिक शाळेत ‘पूर्वजांची भाषा’ म्हणून हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी, अरबी होत्या. क्रेओल आली २०१२ मध्ये, तीही याच यादीतला एक पर्याय म्हणून. अख्ख्या देशाची बोली अशी एकट्या क्रेओल समाजाची भाषा ठरली. मराठी घरातल्या मुलाला आता दोन्हींतून एक निवडावी लागते: आजोबांचे आजोबा बोलत ती, किंवा आई ज्या भाषेत जेवायला हाक मारते ती.