एम ३३ पहिल्यांदा बघताना

भाऊ, तुमच्या धुऱ्यावरून दिसणाऱ्या अंधाऱ्या आभाळासाठी शहरातले लोक पेट्रोल जाळत येतात. मोठ्या टेलिस्कोपची घाई नको.

नोव्हेंबर-डिसेंबरात, अमावस्येच्या आसपास एम ३३ ही दीर्घिका (अब्जावधी ताऱ्यांचा दूरचा समूह) धरा. देवयानी तारकासमूहातल्या मिराक ताऱ्याच्या एका बाजूला देवयानी दीर्घिका, साधारण तेवढ्याच अंतरावर उलट बाजूला ही. १०×५० बायनॉक्युलरमधून आरशावर सोडलेल्या श्वासासारखा पुसट डाग दिसेल. नवखे इथेच चुकतात: मॅग्निफिकेशन वाढवतात, अन् डाग पार विरून जातो. कमीच ठेवा, नजर जराशी बाजूला. त्याआधी अर्धा तास मोबाइल खिशात. जागलीची बॅटरीही बंद!

फोटोला ट्रायपॉड आणि १३५ मिमी लेन्स पुरे.

- ट्रॅकर (ताऱ्यांच्या चालीनं कॅमेरा फिरवणारं यंत्र) नसेल तर एक-दोन सेकंदांचेच फोटो. दोन-तीनशे काढून स्टॅक करा, म्हणजे सॉफ्टवेअरनं एकावर एक रचून एकच फोटो करा.
- फोकस हातानं, ठळक ताऱ्यावर.
- लेन्स अधूनमधून तपासा. ओलिताच्या गव्हाशेजारी दवानं माझी पहिली अख्खी रात्र खाल्ली.

स्टॅकमध्ये एम ३३च्या कडेला बारीक गाठ दिसली तर ती एनजीसी ६०४: सुमारे २७ लाख प्रकाशवर्षांवरचा, दीड हजार प्रकाशवर्षं रुंदीचा, तारे जन्माला घालणारा ढग. फिल्टरचं नंतर बोलू.