टॅक्रोलिमस चालू असूनही पांढऱ्या पेशी नॉर्मल कशा?

तुमच्या वडिलांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, प्रतिकारशक्ती दाबायला टॅक्रोलिमस चालू आहे, तरी सीबीसीत पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या. मग गोळी लागू पडतेय की नाही, असा तुमचा प्रश्न.

मी सोलापुरात एका लॅबमध्ये आहे. हा प्रश्न आमच्या काउंटरवरही येतो. सीबीसीत पेशी मोजल्या जातात, त्या कामाला लागल्यात का हे त्यात दिसत नाही. आणि ही गोळी पेशी मारत नाही, पेशीच्या आतला निरोप अडवते. कारखान्यात माग सगळे जागेवर, वीज तेवढी तोडलेली.

तो निरोप असा जातो. टी पेशी म्हणजे परक्याला ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी. त्यांच्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या इशारा पकडणाऱ्या प्रथिनाला, परकं प्रथिन भेटलं की आतलं एलसीके हे प्रथिन कामाला लागतं. ते झॅप-७० ला चेतवतं, झॅप-७० पुढे एलएटीला. मग पेशीत कॅल्शियम वाढतं आणि कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम चालू होतं. आधीची मंडळी फॉस्फेट चिकटवत आलेली असतात, हा पठ्ठ्या मात्र एनफॅट नावाच्या प्रथिनावरचे फॉस्फेट काढतो. मोकळं झालेलं एनफॅट केंद्रकात शिरतं, इंटरल्युकिन-२ हे पेशींना वाढायला सांगणारं प्रथिन तयार व्हायला लागतं आणि पेशींची फौज वाढते. टॅक्रोलिमस आपल्याच पेशीतल्या एफकेबीपी-१२ या प्रथिनाशी जोडी जमवतं आणि ती जोडी कॅल्सिन्युरिनला अडवते. पुढचं सगळं थंड.

नुसत्या आकड्यावर जाऊ नये याचा सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे जन्मतःच झॅप-७० नसलेली मुलं. १९९४ साली हा आजार उलगडला. सीडी-८ आणि सीडी-४ हे टी पेशींचे दोन प्रकार. त्यांच्या रक्तात सीडी-८ पेशी जवळजवळ नसतात, पण सीडी-४ पेशी पुरेशा असतात. तरी त्या चेतत नाहीत आणि मूल सारखं आजारी पडतं.

न्यूट्रोफिल या दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी इंटरल्युकिन-८ सारख्या वेगळ्या इशाऱ्यांवर धावतात, त्यामुळे या गोळीचा मुख्य मार टी पेशींवरच बसतो. तरीही ताप आला तर घरी थांबू नका.

गोळीचा अंदाज घ्यायला टॅक्रोलिमस लेव्हल, म्हणजे रक्तातलं औषधाचं प्रमाण, तपासतात. रक्त सकाळच्या गोळीच्या आधी द्यायचं. बार्शी-अक्कलकोटहून पहाटे निघालेले पेशंट बरेचदा गोळी घेऊनच येतात, मग लेव्हल फुगलेली दिसते. गोळी डब्यात घालून सोबत आणा, रक्त दिल्यावर घ्या. आणि पपनस, ग्रेपफ्रूट नको, त्यांनीही लेव्हल चढते.