लोखंड असूनही अतिसंवाहक?

प्रश्न : अतिसंवाहक पदार्थात चुंबकी अशुद्धी किंचित मिसळली तरी त्याची अतिसंवाहकता नाहीशी होते, असे आम्ही महाविद्यालयात शिकलो. मग लोखंडाच्या संयुगांत ती येते कशी? आणि अशा संयुगाच्या चूर्णाला साधा लोहचुंबक चिकटेल का?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आपण शिकलात ते चुकीचे नाही. अतिसंवाहकात, म्हणजे पुरेसा थंड केल्यावर विजेला मुळीच रोध न करणाऱ्या पदार्थात, इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. नेहमीच्या अतिसंवाहकांत जोडीतल्या दोघांचे स्पिन (ज्या गुणामुळे इलेक्ट्रॉन चिमुकल्या चुंबकासारखा वागतो तो) परस्परविरुद्ध असतात आणि वाटेत आलेला चुंबकी अणू त्यांतल्या एकाचा स्पिन उलटवून जोडी फोडतो. चुंबकत्व आणि अतिसंवाहकता यांचे सख्य विळ्याभोपळ्याचे मानले जाई ते यामुळेच. त्यामुळे २००८ मध्ये जपानमधील हिदेओ होसोनो यांच्या गटाने लोखंड व आर्सेनिक असलेले लँथॅनमचे एक संयुग २६ केल्विनला, म्हणजे उणे २४७ अंश सेल्सिअसला, अतिसंवाहक होते असे दाखवले तेव्हा भल्याभल्यांना नवल वाटले. त्याच वर्षी समेरियमच्या संयुगाने ५५ केल्विनपर्यंत मजल मारली.

इथे एक भेद ध्यानात घ्यावा लागतो. इतवारीतून आणलेल्या खिळ्यात शेजारशेजारच्या अणूंचे स्पिन एकाच दिशेला तोंड करून असतात. बेरियम, लोखंड आणि आर्सेनिक यांच्या संयुगात तसे नसते. सुमारे १४० केल्विनच्या खाली त्यातील लोखंडाच्या थरात पट्टे पडतात : एका दिशेने गेल्यास सगळे स्पिन एकसारखे, तर तिला काटकोनात गेल्यास आळीपाळीने उलटसुलट. हे प्रतिलोहचुंबकत्व होय, आणि या अवस्थेत ते संयुग अतिसंवाहक नसते. बेरियमच्या सुमारे ४० टक्के जागी पोटॅशियम घातले की पट्टे मोडतात आणि ३८ केल्विनला अतिसंवाहकता अवतरते. नुसता दाब देऊनही असेच घडवता येते.

पट्टे मोडले तरी स्पिनांची चुळबुळ थांबत नाही, आणि बहुतेक अभ्यासकांच्या मते ही चुळबुळच इलेक्ट्रॉनांना जोडीत बांधते. मला हे मत पटते, पण ते निर्विवाद नाही, कारण लोखंड आणि सेलेनियम यांचे साधे संयुग साध्या दाबाला पट्टे न पाडताच सुमारे ८ केल्विनला अतिसंवाहक होते. कोबाल्ट थोडाच मिसळलेल्या बेरियम संयुगात तर दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. मात्र अतिसंवाहकता सुरू होताच चुंबकी मांडणी क्षीण होत जाते, हे न्यूट्रॉनांच्या प्रयोगांत दिसले आहे. दोघींनाही तेच इलेक्ट्रॉन हवे असतात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

आता लोहचुंबकाविषयी. नागपूरच्या मे महिन्यातच काय, डिसेंबरातही हे चूर्ण त्या १४० केल्विनच्या कितीतरी वर असते, त्यामुळे ते शुद्ध असेल तर साधा चुंबक त्याला धरणार नाही. काही कण चिकटलेच, तर भट्टीत थोडे लोखंड संयोग न पावता उरले असावे, अशी शंका आधी घ्यावी.